स्वर्गातलं प्रतिफळ: मजुरी, बक्षीस की दान?

सप्टेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधिमंडळानं धर्मांतराविषयीचा कायदा मंजूर केला. त्यात 'आमिष' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. पैसा, भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेतलं फुकट शिक्षण, लग्नाचं वचन, चांगलं राहणीमान अशी यादी जाता जाता दैवी अवकृपेपर्यंत पोचते. नौबादपासून भालकी, औराद, बसवकल्याणपर्यंतच्या आमच्या सीमाभागात या कायद्यावर बोलणं झालं ते पोलीस, तक्रारी आणि घरोघरच्या प्रार्थनासभा यांच्याभोवती. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळानं कायदा मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हाही चर्चा राजकारणाचीच राहिली. त्यामागचा जुना प्रश्न कुणी फारसा हातात घेतला नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू छळ सोसणाऱ्यांना आनंद करायला सांगतो, कारण स्वर्गात त्यांच्यासाठी मोठं प्रतिफळ आहे. हे आमिष आहे का? नसेल, तर काय आहे? आणि ज्यांनी हे वचन ऐकून पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, त्यांना त्यातून काय मिळालं?

हा प्रश्न या मुलखात विचारण्याला कारण आहे. नौबाद बीदर शहराला लागून आहे. तिथल्या जमिनीखालून बहमनी काळात खोदलेली करेझ, म्हणजे पाण्याचं भुयार, जाते. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. आसपास पापनाशाचं देऊळ आहे, नानक झिऱ्याचा गुरुद्वारा आहे, अष्टूरचे मकबरे आहेत. एका बाजूला बसवण्णांचं कल्याण, दुसऱ्या बाजूला कलबुर्गीत ख्वाजा बंदानवाजांचा दर्गा. मेल्यावर माणसाचं काय होतं, याचं एकेक उत्तर इथल्या प्रत्येक वाटेवर मिळतं. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेथडिस्ट मिशनची भर पडली. आजही बीदरच्या मंगलपेठेतलं मेथडिस्ट चर्च ही या भागातल्या ख्रिस्ती समाजाची मोठी खूण आहे. हा समाज बहुतांशी दलित जातींतून आलेला. निजामाच्या राज्यात बीदर जिल्हा कानडी, मराठी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांचा होता. १९५६ साली त्याची वाटणी झाली: उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखाकडे गेले, झहीराबाद-नारायणखेड आंध्राकडे, आणि बीदर, हुमनाबाद, भालकी, औराद म्हैसूर राज्यात. त्यामुळे उपासना कानडीत, लेक उदगीरला दिलेली म्हणून तिच्या घरातली प्रार्थना मराठीत, आणि तेलंगणात विकाराबादजवळच्या धारूरच्या ख्रिस्ती जत्रेत तेलुगू गाणी, हे एकाच कुटुंबात सहज घडतं. ती जत्रा १९२३ पासून भरते आहे.

मुळात वचन कशाचं आहे, ते आधी नीट पाहायला हवं, कारण प्रवचनांत दोन वेगळ्या गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळतात. पहिली गोष्ट सार्वकालिक जीवन. पौल रोमकरांच्या पत्रात ते स्पष्टपणे दान ठरवतो. त्याच्या मांडणीत पापाला वेतन मिळतं आणि ते वेतन मरण असतं. जीवन मात्र देव फुकट देतो. दुसरी गोष्ट प्रतिफळ, म्हणजे विश्वासात आल्यावर माणसानं जे केलं त्याची देवाकडून मिळणारी पोच. तहानेल्याला दिलेला गार पाण्याचा पेलासुद्धा यात वाया जात नाही. गुप्तपणे दिलेलं दान, दार लावून केलेली प्रार्थना, परतफेड करू न शकणाऱ्या लंगड्या-पांगळ्यांना दिलेलं जेवण, हे सगळं पाहणारा पिता आहे, असं येशू सांगतो. पत्रांमध्ये आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात मुगुट येतात: नीतिमत्त्वाचा, जीवनाचा, गौरवाचा. शिवाय विजय मिळवणाऱ्यांना जीवनाच्या झाडाचं फळ, गुप्त मान्ना, नवं नाव कोरलेला पांढरा खडा, पहाटतारा.

आमच्याकडे हे वचन सगळ्यांत जवळून भेटतं ते मयताच्या वेळी. पेटी घरातून उचलण्याआधी पाळक तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडतात: चांगली लढाई लढलो, धाव पुरी केली, आता मुगुट ठेवलेला आहे, असं म्हणणारा म्हातारा पौल. ऐकणाऱ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या बाया असतात, वीटभट्टीवर आयुष्य गेलेले पुरुष असतात. ज्याच्या नावावर सात-बारा नाही, पेन्शन नाही, त्याच्यासाठी कुणीतरी काहीतरी राखून ठेवलं आहे, हे त्या घटकेला पेटीभोवती बसलेल्यांना ऐकू येतं. या वचनाची टिंगल करणाऱ्यानं एकदा तिथं उभं राहून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आता खरा वाद. स्वर्गात सगळे सारखे, की तिथंही पहिली-दुसरी रांग?

शुभवर्तमानं दोन्ही बाजूंना पुरावा देतात. लूकच्या दहा मोहरांच्या दाखल्यात एका चाकराला दहा शहरांचा कारभार मिळतो, दुसऱ्याला पाच. पौल करिंथकरांना सांगतो की प्रत्येकाचं बांधकाम अग्नीनं पारखलं जाईल. सोनं-चांदी टिकेल, लाकूड-गवत जळेल, आणि ज्याचं जळालं तोही वाचेल, पण जणू आगीतून निघाल्यासारखा. म्हणजे तारण एक, पण प्रतिफळात फरक. दुसरीकडे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला. मालक पहाटे मजूर आणतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या ताशी, आणि दिवस बुडायला तासभर उरलेला असताना अकराव्या ताशीही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दीनार.

चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये जोव्हिनियन नावाच्या साधूनं हाच दाखला हाती धरून म्हटलं की बाप्तिस्मा राखणाऱ्या सगळ्यांचं प्रतिफळ सारखंच. ब्रह्मचाऱ्याला जास्त आणि संसाऱ्याला कमी असं काही नाही. त्याला पाखंडी ठरवण्यात आलं. जेरोमनं ३९३ च्या सुमारास त्याच्याविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला आणि शंभरपट, साठपट, तीसपट पिकाचा दाखला घेऊन कुमारिका, विधवा आणि विवाहिता यांची उतरंड लावली. पुढे मध्ययुगात हुतात्मे, कुमारिका आणि धर्मशिक्षक यांना खास तेजोवलयं मिळाली. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं अधिकृतपणे मांडलं की सगळे धन्य आत्मे देवाला पाहतात, पण पुण्याईप्रमाणे कुणी अधिक पूर्णपणे, कुणी कमी. कमी मिळालेल्याला हेवा वाटणार नाही का, यावर धर्मपंडित ऑगस्टीननं कितीतरी आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं: शरीरात बोटाला डोळा व्हावंसं वाटत नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सनं लहान-मोठ्या भांड्यांचा दाखला दिला. भांडं लहान असो की मोठं, भरलेलं असलं की भरलेलंच.

ही उत्तरं चतुर आहेत, प्रामाणिकही आहेत. पण बोट आणि डोळा ही उपमा आपल्याकडे कशी ऐकू येते? एकाच पुरुषाच्या मुखातून ब्राह्मण आणि पायातून शूद्र निघाल्याचं सूक्त जिथं हजारो वर्षं म्हटलं गेलं, तिथं शरीराच्या अवयवांची तुलना करून उतरंड समजावणं धोक्याचं आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातली मजुरांची तक्रार म्हणूनच बारकाईनं वाचायला हवी. आम्हाला कमी दिलंस, असं ते म्हणत नाहीत. ठरलेला दीनार त्यांना मिळालेला आहे. त्यांची तक्रार अशी की शेवटी आलेल्यांना तू आमच्या बरोबरीचं केलंस. बरोबरीच त्यांना खुपते. कामाच्या आशेनं पहाटे चौकात डबा घेऊन उभं राहणाऱ्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. अकराव्या ताशीही तो तिथंच का असतो, हे त्याला माहीत आहे: मालकानं विचारल्यावर ते मजूर म्हणतात तेच कारण, कुणी कामाला बोलावलंच नाही. माझ्या मते ख्रिस्ती प्रतिफळाच्या शिकवणीचं काळीज इथं आहे, आणि मुगुटांच्या याद्या याच्या उजेडात वाचाव्यात, उलट नव्हे.

स्वर्गाच्या वचनाचा धंदा होऊ शकतो, हे ख्रिस्ती समाजाला स्वतःच्या इतिहासातून चांगलं ठाऊक आहे. पापदंडाच्या माफीची पत्रं पैसे घेऊन वाटली गेली आणि त्यावरून १५१७ साली मार्टिन ल्यूथर उठला. ज्याला आज कायदा आमिष म्हणेल त्याविरुद्धचा हा सगळ्यांत मोठा उठाव चर्चच्या आतूनच झाला. ल्यूथरच्या बाजूनं मग मानवी पुण्याईचा हिशेबच पुसून टाकला. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४७ मध्ये उत्तर दिलं की देवाच्या कृपेनं केलेली सत्कृत्यं खरोखर प्रतिफळास पात्र असतात. दोघांच्या मधे ऑगस्टीनचा विचार उभा राहिला: आपल्या पुण्याला मुगुट घालताना देव स्वतःच्याच देणग्यांना मुगुट घालत असतो.

बीदरच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची व्यक्ती जॉन वेस्ली, कारण मेथडिस्ट परंपरा त्याची. १७७० च्या वार्षिक सभेच्या नोंदींत वेस्लीनं ठामपणे मांडलं की आपल्याला प्रतिफळ आपल्या कामांनुसार मिळतं, इतकंच नव्हे तर कामांमुळे मिळतं. या गोष्टीला आपण उगाच घाबरलो आहोत. त्यावरून कॅल्व्हिनवादी मित्र त्याच्यावर तुटून पडले, वर्षानुवर्षं पत्रकबाजी चालली. वेस्लीला भीती वेगळीच होती. नुसत्या विश्वासावर स्वर्ग मिळतो असं ऐकून लोक हात बांधून बसतील, कोळशाच्या खाणीतल्या मजुराकडे कुणी पाहणार नाही. त्याचं आणखी एक प्रवचन आमच्या शेतकरी मुलखात अधिक वाचलं जायला हवं. १७८१ च्या त्या प्रवचनात तो म्हणतो की माणसाच्या पापामुळे दुःख भोगणाऱ्या मुक्या जनावरांनाही देव शेवटी सुख देईल. ज्यानं आयुष्यभर बैलजोडीबरोबर घाम गाळला, त्याला बैलाविना स्वर्ग अपुराच वाटेल.

मराठी कानाला या वचनात एक अडचण सुरुवातीपासून आहे. आपल्या परंपरेत स्वर्ग ही शेवटची जागा नाही. गीतेचा नववा अध्याय सांगतो की पुण्य सरलं की स्वर्गातली माणसं पुन्हा मर्त्यलोकात येतात. वारकरी संत तर मोक्षही नको म्हणतात, पंढरीची वाट आणि संतांची संगत मागतात. बसवण्णांच्या परंपरेतल्या वचनकारांनी स्वर्ग-नरक माणसाच्या आचरणातच दाखवले. सूफी परंपरेत बसऱ्याच्या राबियाची गोष्ट आहे: एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात आग घेऊन ती निघाली, नरक विझवायला आणि स्वर्ग जाळायला, म्हणजे लोक देवावर देवासाठीच प्रेम करतील. इतक्या निर्लोभ बोलण्यापुढे स्वर्गात ठेवा साठवण्याची भाषा व्यापारी वाटते, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये.

त्याचं एक चांगलं उत्तर ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसनं जून १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका प्रवचनात दिलं. पैशासाठी लग्न करणारा लोभी, पण ज्याच्यावर प्रेम त्याच्याशी लग्न व्हावं ही इच्छा लोभ नव्हे. कारण ते बक्षीस प्रेमाच्या बाहेरचं नाही, प्रेमाचीच पूर्णता आहे. उत्तर पटण्यासारखं आहे. पण मला त्याहून बळकट वाटतो तो मत्तयाचा पंचविसावा अध्याय. तिथं राजा उजवीकडच्यांना सांगतो की मी भुकेला होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो, आणि तुम्ही माझ्याकडे आलात. ते चकित होतात. कधी, असं विचारतात. प्रतिफळ ज्यांना मिळतं त्यांनी ते डोळ्यांपुढे ठेवलेलंच नव्हतं. दारावर आलेला भुकेला तेवढा त्यांना दिसला होता. वारकऱ्याच्या आणि राबियाच्या निर्लोभ भक्तीशी बोलायला बसायचं तर ख्रिस्ती माणसानं याच अध्यायापासून सुरुवात करावी.

मराठीत हा विषय फार आधी आला. थॉमस स्टीफन्सनं गोव्यात १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, ओवीत. हरी केशवजींनी १८४१ मध्ये जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या इंग्रजी पुस्तकाचं 'यात्रिकक्रमण' केलं. स्वर्गनगरीकडे पायी निघालेला वाटसरू वारीच्या मुलखाला परका वाटण्याचं कारण नव्हतं. पण या विषयाला सगळ्यांत जिवंत हात लावला तो पंडिता रमाबाईंनी. १९०७ सालच्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी लिहिलं की शास्त्रं वाचताना त्यांना अनेक बाबतींत मतभेद दिसले, पण स्त्रीबद्दल सगळ्यांचं एकमत होतं: स्त्री वाईट, आणि तिला आशा एकच, नवऱ्याची देव मानून सेवा. ज्या स्त्रीला स्वतःच्या नावानं परलोकात दारच नव्हतं, तिला कुणाच्याही मध्यस्थीशिवाय, पदरी पुण्य नसताना, देव घरात घेतो हे ऐकणं किती मोठं असेल! त्या साक्षीच्या शीर्षकातच कधी न आटणाऱ्या संपत्तीचा उल्लेख आहे. आणि ही संपत्ती हाती घेऊन त्या स्वर्गाकडे डोळे लावून बसल्या नाहीत. केडगावला दुष्काळातल्या मुली आणि विधवा सांभाळल्या, मूळ भाषांतून मराठी बायबल केलं.

नारायण वामन टिळकांनी वेगळ्या बाजूनं उत्तर दिलं. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यात 'देवाचा दरबार' घेऊन बसले. पोटासाठी ख्रिस्ती झालास, हा टोमणा त्या काळी प्रत्येक धर्मांतरिताला ऐकावा लागे. वेतनावाचून सेवा हे त्याला दिलेलं आचरणातलं उत्तर होतं.

हा टोमणा बीदरच्या दलित ख्रिस्त्यांना अजून चिकटलेला आहे. मेथडिस्ट मिशनरी वॉस्कम पिकेट यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या सामूहिक धर्मांतरांच्या अभ्यासात लोक कोणत्या हेतूंनी आले याची पाहणी केली. कुणी मुक्तीसाठी आले, कुणी जमीनदाराच्या जाचातून सुटण्यासाठी, कुणी नातेवाईक आले म्हणून. पिकेट यांचा निष्कर्ष असा की पुढचं ख्रिस्ती जीवन मूळ हेतूपेक्षा नंतर मिळालेल्या शिकवणीवर आणि सांभाळावर अधिक अवलंबून राहिलं. मला यात आणखी एक भर घालावीशी वाटते. मानानं जगावं ही इच्छा 'ऐहिक' खान्यात टाकणं चूक आहे. पहिल्यांदा नावानं हाक मारली जाणं, पंगतीत बसणं, पुस्तकाला हात लावणं, यांना शुभवर्तमान स्वतः देवाच्या राज्याची लक्षणं म्हणतं.

सगळ्यांत कठोर परीक्षा बाबासाहेब आंबेडकरांनी घेतली. त्यांचे ख्रिस्ती धर्मांतरितांवरचे निबंध त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आले. त्यांचा मुद्दा असा: अस्पृश्याचं दुःख समाजरचनेतून आलं आहे, आणि मिशनरी त्याला सांगतात की माणसाचं पतन आदिपापामुळे झालं, म्हणून क्षमा माग. मग तो समाज बदलायला उठेल कशाला? चर्चमध्येही जाती टिकून राहिल्या, हेही त्यांनी दाखवलं. या आरोपाला ख्रिस्ती लेखकांनी पुरेसं उत्तर दिलेलं मला दिसत नाही. स्वर्गातली बरोबरी सांगायची आणि खाली लग्न ठरवताना पोटजात विचारायची, हे चालू आहे तोवर उत्तर देताही येणार नाही.

राज्यसंस्थेनंही या वचनाची किंमत लावली आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं ही अट काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. म्हणजे आमच्याकडे बाप्तिस्मा घेणारा दलित माणूस राखीव जागा सोडून येतो. आमिषाची भाषा करणाऱ्यांनी हा ताळेबंद एकदा मांडून पाहावा: हातातलं सोडून न दिसणाऱ्याकडे जाणं याला लालूच कसं म्हणायचं?

कायद्याच्या अंगानंही प्रश्न जुना आहे. ओरिसाच्या १९६७ च्या कायद्यात दैवी कोपाची धमकी बळजबरीत धरली होती. १९७२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं प्रलोभनाची व्याख्या फार ढगळ असल्याचं म्हटलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात ओरिसा आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. माझं मत असं की आमिष दाखवणाऱ्याच्या हातात ती वस्तू असावी लागते. पाळकाच्या हातात स्वर्ग नसतो. त्यानं तो आपल्या हातात असल्यासारखं बोलायला सुरुवात केली, तर मात्र त्याला आधी शुभवर्तमानानंच अडवलं पाहिजे.

आणि असं बोलणं वाढतं आहे. मोबाइलवर रोज दिसणाऱ्या प्रवचनांत प्रतिफळ स्वर्गातून खाली उतरलं आहे: दान पाठवा, कर्ज फिटेल, उपास करा, व्हिसा मिळेल. मार्कच्या शुभवर्तमानात शंभरपटीचं वचन आहे हे खरं, पण त्याच वाक्यात येशूनं छळही जोडला आहे, आणि तेवढा भाग ही मंडळी गाळतात. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो तिथून असं दान मागणं हे पाप आहे. त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

याउलट प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय आमच्या चर्चमध्ये क्वचितच पूर्ण वाचले जातात. तिथं माणसं उडून वर जात नाहीत. नवं यरुशलेम खाली येतं. त्या नगरात मंदिर नाही, वेशी कधीच बंद होत नाहीत, झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. त्याआधी चौथ्या अध्यायात चोवीस वडील आपले मुगुट काढून सिंहासनापुढे टाकतात, म्हणजे मिळालेला मुगुट डोक्यावर मिरवायचा नसतो. वेस बंद न होणारी वस्ती हे प्रतिफळ असेल, तर गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या लोकांनी ते सगळ्यांत आधी ओळखावं यात नवल नाही. शब्बाथशाळेत मुलांकडून पाच मुगुटांची नावं घोकून घेतली जातात. त्याऐवजी एखाद्या रविवारी त्यांना द्राक्षमळ्याचा दाखला नाटक करून दाखवायला सांगावं, अकराव्या ताशीचा मजूर पालकांपैकी कुणाला तरी करावं, आणि संध्याकाळी दीनार वाटताना मुलं काय म्हणतात ते पाळकांनी ऐकावं.